गिरणीला कुलूप लागलं, मजुरीचं काय?

फाटकाला दोन कुलपं. एक सेठचं, दुसरं बँकेचं. पत्र्यावर चिकटवलेल्या नोटिशीत कर्जाचा आकडा आहे, ताब्याची तारीख आहे, अधिकाऱ्याची सही आहे. हमालांचे, बॉयलरवाल्याचे, दिवाणजीचे किती महिन्यांचे पैसे अडकले, हे मात्र त्या कागदावर कुठेच नाही. तांदळाच्या गिरण्यांच्या गोंदिया जिल्ह्याला हे चित्र नवं नाही. दवनीवाड्यासारख्या गावातून रोज कामाला जाणाऱ्यांवर ही वेळ आली की पानठेल्यावर प्रश्न एकच असतो : "पैसे भेटतीन का जी?"

भेटू शकतात. पण योग्य दारात, मुदतीच्या आत, लिहून मागितले तरच. बँकेने आपला आकडा कागदावर मांडला म्हणून तो फाटकावर लागला. तुमचाही आकडा तसाच कागदावर यायला हवा. तो कसा आणायचा, ते इथे क्रमाने पाहू.

आधी पाहा : मालक कागदावर कोण आहे?

सगळे 'सेठ' म्हणतात, पण कायद्याला सेठ कळत नाही. त्याला कंपनी कळते, भागीदारी फर्म कळते, एकट्याची मालकी कळते. पुढचा रस्ता यावरच ठरतो, म्हणून पहिलं काम हे.

पीएफच्या पासबुकावर आस्थापनेचं नाव असतं. बिलावर, काट्याच्या पावतीवर, तांदळाच्या कट्ट्यावर नाव असतं. नावाच्या शेवटी 'प्रायव्हेट लिमिटेड', 'लिमिटेड' किंवा 'एलएलपी' असेल, तर प्रकरण नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ खाली जाऊ शकतं. नुसतं 'राईस मिल', 'ट्रेडर्स' किंवा 'अँड सन्स' असेल, तर बहुधा ती भागीदारी किंवा एकट्याची मालकी असते. तिथे या संहितेचा रस्ता नाही. तिथे कामगार कार्यालयाचं दार ठोठावायचं.

कंपनी असेल तर तिचं नोंदणीकृत कार्यालय कुठे आहे तेही पाहा. आपला जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या दोन राज्यांना खेटून आहे. कारखाना इकडे आणि कार्यालय रायपूरला, असं होऊ शकतं. दिवाळखोरीचं प्रकरण कारखाना जिथे आहे तिथे नव्हे, नोंदणीकृत कार्यालय जिथे आहे तिथल्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत चालतं. महाराष्ट्रातल्या कंपनीसाठी ते मुंबईला, छत्तीसगडसाठी कटकला, मध्य प्रदेशसाठी इंदूरला.

आपला हिशेब आपणच मांडा

'माझे बरेच पैसे आहेत' याला दावा म्हणत नाहीत. दावा म्हणजे ओळीओळीने लिहिलेला आकडा. एक नमुना घेऊ. समजा, एका कामगाराचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना १३,००० रुपये आहे. नोकरी ९ वर्षं ८ महिन्यांची. पाच महिन्यांचा पगार थकला. नोटीस न देता काम बंद. बारा दिवसांची रजा शिल्लक.

• थकलेला पगार : १३,००० × ५ = ६५,००० रुपये.
• नोटिशीऐवजी एक महिन्याचा पगार : १३,००० रुपये.
• कपातीची, म्हणजे कामावरून कमी केल्याची भरपाई : पूर्ण केलेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. सहा महिन्यांपेक्षा जास्त भरलेलं वर्ष पूर्ण धरतात, म्हणून दहा वर्षं. अर्धा महिना ६,५०० × १० = ६५,००० रुपये.
• ग्रॅच्युइटी : इथे महिना २६ दिवसांचा धरतात. १३,००० ÷ २६ × १५ = ७,५००; गुणिले १० = ७५,००० रुपये.
• शिल्लक रजा : रोजचे ५०० धरून १२ दिवसांचे ६,००० रुपये.

बेरीज २,२४,००० रुपये. पानठेल्यावर हाच माणूस 'पाच महिन्यांचे पैसे बुडाले' एवढंच सांगतो. त्याच्या मते येणं ६५,०००, कायद्याने येणं त्याच्या तिपटीहून जास्त. न दिलेला बोनस असेल तर तो वेगळ्या ओळीत लिहा. सेठकडून घेतलेली उचलही प्रामाणिकपणे वजा दाखवा. ती लपवली तर बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

यातले काही नियम लक्षात ठेवा. कपातीच्या भरपाईसाठी सलग एक वर्षाची नोकरी लागते, म्हणजे मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम. ग्रॅच्युइटी दहा किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेत आणि साधारणपणे पाच वर्षांच्या नोकरीनंतर. ठरावीक मुदतीच्या कराराने लागलेल्यांना नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत एका वर्षानंतर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. कार्यालयात अजून जुन्या कायद्यांची नावं ऐकू आली तर गोंधळू नका. वर्षाला पंधरा दिवसांचं सूत्र जुन्यातही होतं, नव्यातही आहे.

'धंदाच बुडाला, मी भरपाई कुठून देऊ?' असं मालक म्हणतो. मालकाच्या हाताबाहेरच्या कारणाने आस्थापना बंद पडली तर भरपाईला तीन महिन्यांच्या सरासरी पगाराची मर्यादा आहे, हे खरं. पण निव्वळ पैशाची अडचण किंवा न विकलेला माल साचणं, ही कारणं कायदा 'हाताबाहेरची' मानत नाही. गोदामात तांदूळ पडून राहिला, हे भरपाई कापायचं कारण होत नाही.

कागद कुठून आणायचे?

पगाराची चिठ्ठी कधी मिळालीच नाही, नेमणूकपत्र तर नाहीच, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. तरी हात रिकामे नसतात. बँकेच्या पासबुकात पगार जमा झाल्याच्या नोंदी असतात. यूएएन टाकला की पीएफचं पासबुक उघडतं आणि कोणत्या महिन्यापर्यंत पैसे भरले ते दिसतं. ईएसआयचं कार्ड, गेटपास, हजेरीचा मोबाइलवर काढलेला फोटो, सुपरवायझरने 'उद्या दोन पाळ्या' म्हणून पाठवलेला मेसेज, हे सगळं पुरावाच आहे. रोख मजुरी घेणाऱ्याने खिशातल्या डायरीत तारीखवार हजेरी लिहिली असेल, तर तीही उपयोगी पडते. वेतन संहितेप्रमाणे पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो; तुम्ही काम केलं एवढं मात्र तुम्हाला दाखवावं लागतं.

मूळ कागद कोणालाही देऊ नका. झेरॉक्स द्या, पोच घ्या.

कंपनी दिवाळखोरीत गेली तर

एनसीएलटीने अर्ज दाखल करून घेतला की कंपनीचा कारभार संचालकांच्या हातून जातो आणि रिझोल्यूशन प्रोफेशनल नावाच्या माणसाकडे येतो. त्या दिवसापासून कंपनीवर नवे दावे, वसुली, जप्ती थांबते. मग कामगार न्यायालयात जाऊन काय करायचं, असं वाटेल. आता दावा या माणसाकडे करायचा असतो.

तो वर्तमानपत्रात जाहीर सूचना देतो : एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेच्या पेपरात. तीच सूचना भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावरही लागते. दावे देण्याची मुदत त्याच्या नेमणुकीपासून १४ दिवसांची असते. रोवणीच्या दिवसांत अशी सूचना आली, तर बांधीतून घरी येऊन पेपर कोण वाचणार? म्हणून एका शिकलेल्या पोराकडे हे काम सोपवून द्या : दर आठवड्याला मंडळाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकून पाहायचं. १४ दिवस हुकले तरी दार लगेच बंद होत नाही. उशिराचा दावा ९० दिवसांपर्यंत घेतला जातो. त्यानंतर उशिराचं कारण द्यावं लागतं आणि काम अवघड होत जातं.

एकट्याचा दावा 'फॉर्म डी'मध्ये. बरेच कामगार एकत्र असतील तर त्यांच्या वतीने एक प्रतिनिधी 'फॉर्म ई' भरू शकतो, सोबत प्रत्येकाच्या नावाची आणि रकमेची यादी. त्यासाठी विदर्भ एक्सप्रेसने मुंबई गाठायची गरज नाही. दावा ई-मेलने, पोस्टाने किंवा प्रत्यक्ष देता येतो. पत्ता जाहीर सूचनेत असतो. ई-मेल गेल्याचा स्क्रीनशॉट आणि स्पीडपोस्टची पावती जपून ठेवा. काही दिवसांनी मंजूर दाव्यांची यादी निघते. तिच्यात आपलं नाव आणि आकडा तपासा. रक्कम कमी धरली असेल तर आधी लेखी विचारा. उत्तर पटलं नाही तर एनसीएलटीपुढे अर्ज करता येतो.

कंपनी विकत घेणारा कोणी मिळाला नाही, तर लिक्विडेशन, म्हणजे मालमत्ता विकून पैसे वाटणं. तेव्हा नवी सूचना निघते, नवी मुदत लागते. लिक्विडेशनचा आदेश हीच कायद्याने कामगारांना कामावरून कमी केल्याची नोटीस धरली जाते; लिक्विडेटर धंदा चालू ठेवत असेल तेवढा अपवाद. लिक्विडेटरने दावा फेटाळला तर १४ दिवसांत एनसीएलटीत अपील करायचं असतं.

रांग कशी लागते?

विक्रीचे पैसे आले की आधी प्रक्रियेचा खर्च निघतो. मग दुसऱ्या नंबरवर दोघं शेजारी उभे असतात : कामगारांची मागच्या २४ महिन्यांची येणी आणि आपलं तारण सोडून रांगेत आलेली बँक. पैसे अपुरे पडले तर दोघांना सारख्या प्रमाणात. तिसरा नंबर कामगार नसलेल्या कर्मचाऱ्यांचा, मागच्या १२ महिन्यांच्या येण्यांसाठी. सरकारचे कर त्याच्याही मागे, आणि भागधारक सगळ्यात शेवटी.

'कामगार' कोण, यावर म्हणून बरंच अवलंबून आहे. हमाल, यंत्रचालक तर आहेतच. लिखापढी करणारा दिवाणजीही कामगारच. व्यवस्थापक कामगार नाही. देखरेखीचं काम करणारा आणि महिना १८,००० रुपयांहून जास्त पगार घेणाराही नव्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे कामगार नाही. हुद्दा कागदावर 'सुपरवायझर' असला तरी प्रत्यक्ष काम काय करता ते दाव्यात लिहा.

आणखी एक खाच आहे. ते २४ महिने काम बंद पडल्यापासून नव्हे, लिक्विडेशनच्या आदेशापासून मागे मोजतात. जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ला थांबली. सर्वोच्च न्यायालयाने लिक्विडेशनचा आदेश दिला ७ नोव्हेंबर २०२४ला. २०१९ मध्ये थकलेला पगार त्या २४ महिन्यांत कसा बसणार? प्रकरण लांबत जातं तसा रांगेतला नंबर मागे सरकू शकतो. कारखाना आठ-दहा महिने बंद आहे आणि सगळे 'होईल काहीतरी' म्हणून बसलेत, ही सगळ्यात महाग पडणारी वाट आहे.

पीएफ आणि ग्रॅच्युइटी रांगेबाहेर

भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी फंडातून येणारे पैसे कंपनीची मालमत्ता धरले जात नाहीत. ते बँकांत वाटायचे नसतातच. जेटच्या कामगारांनी याच मुद्द्यावर लढा दिला. कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने २१ ऑक्टोबर २०२२ला पीएफ आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्यावी असं सांगितलं आणि ३० जानेवारी २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला.

त्याआधी १९ एप्रिल २०२२ला एबीजी शिपयार्डच्या कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. दिवाळखोरीची प्रक्रिया चालू असताना कारखाना चालू ठेवला आणि कामगारांनी प्रत्यक्ष काम केलं, तर त्या काळाचा पगार प्रक्रियेच्या खर्चात, म्हणजे पहिल्या नंबरवर येतो. काम न केलेल्या काळाचा येत नाही. म्हणून त्या काळात कोणी कामावर बोलावलं तर हजेरीची नोंद लेखी ठेवा.

व्यवहारात अडचण अशी की पुष्कळ मालकांनी ग्रॅच्युइटीसाठी वेगळा फंड काढलेलाच नसतो, आणि मग वाद होतो. यासाठी ग्रॅच्युइटी आणि पीएफ दाव्यात पगारात मिसळू नका, वेगळ्या ओळींत लिहा. पगारातून पीएफ कापला पण भरला नाही असं पासबुकात दिसलं, तर भविष्यनिर्वाह निधी संघटनेच्या नागपूर प्रादेशिक कार्यालयाकडे तक्रार करा. ऑनलाइनही करता येते. कामगाराचा कापलेला हिस्सा न भरणं हा फौजदारी विश्वासघात आहे. तिथे 'धंद्यात खोट आली' हे उत्तर चालत नाही.

मालक फर्म असेल तर

इथे एनसीएलटी नाही, पण एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. कंपनीचं कर्ज साधारणपणे कंपनीपुरतं असतं; फर्मची देणी भागीदारांच्या स्वतःच्या मालमत्तेवरही येतात.

दार गोंदियाच्या कामगार कार्यालयाचं. वेतन संहितेखाली थकलेल्या मजुरीचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. कामगार स्वतः, नोंदणीकृत युनियन किंवा निरीक्षक, कोणीही तो करू शकतो. कामावरून काढलं किंवा आस्थापना बंद झाली, तर मजुरी दोन कामाच्या दिवसांत द्यायची असते. महिन्याची वाट पाहायची नसते. दावा ठरवणारा अधिकारी थकबाकीवर दहापटीपर्यंत भरपाई लावू शकतो. मालकाने तरी दिली नाही, तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. म्हणून मालकाच्या आणि भागीदारांच्या नावावर कुठे शेती, प्लॉट, गोदाम आहे ते सातबाऱ्यासकट कळवा. गावातल्या माणसाला हे माहीत असतं, मुंबईच्या वकिलाला नाही.

गिरणी बँकेने ताब्यात घेतली असेल, तर ताबा घेणाऱ्या अधिकाऱ्यालाही सगळ्यांच्या सह्यांचं पत्र द्या आणि येण्याची रक्कम कळवा. गिरणी दुसऱ्याने विकत घेतली, तर नोकरी आधीच्याच अटींवर आणि सलग धरून चालू ठेवणार की कपातीसारखी भरपाई देणार, हे लेखी विचारा.

ठेकेदाराचे आणि घरी बसून काम करणारे

'तुमचा आमचा संबंध नाही, ठेकेदाराला विचारा' हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. दावा दोघांच्या नावाने करा.

घरी बिड्या वळणाऱ्या बायकांना वाटतं, आपण कोणाच्या नोकरीतच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये पी. एम. पटेल अँड सन्सच्या प्रकरणात घरी बिडी वळणाऱ्या कामगारांनाही पीएफचा कायदा लागू होतो असा निकाल दिला आहे. पान-तंबाखू दिल्याची आणि बिड्या जमा केल्याची नोंद असलेलं पुस्तक हीच तुमची पगाराची चिठ्ठी.

एकट्याने की मिळून?

मिळून. कंपनीविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज कामगारही करू शकतात, पण थकबाकी किमान १ कोटी रुपयांची लागते. वरच्या नमुन्यातल्यासारखे ४५ जण एकत्र आले तर बेरीज १ कोटी ८० हजार होते. जे. के. जूट मिलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०१९ला नोंदणीकृत युनियनला असा अर्ज करण्याचा हक्क मान्य केला. अर्जाआधी १० दिवसांची मागणीची नोटीस द्यावी लागते. मात्र मालकाने त्या रकमेबद्दल आधीपासून खरा वाद उभा केला असेल, तर अर्ज टिकत नाही, म्हणून इथे वकिलाचा सल्ला घ्याच.

वकिलाला पैसे कुठून द्यायचे? विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे औद्योगिक कामगार, कोणतीही स्त्री, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो. गोंदियाच्या न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. वसुलीतले तीस टक्के मागणाऱ्या मध्यस्थाची गरज नाही.

हे करू नका

• कोऱ्या कागदावर सही नको. 'सर्व हिशेब पूर्ण मिळाला' अशा छापील पावतीवर दोन हजार घेऊन अंगठा देणं तर मुळीच नको.
• 'राजीनामा दे, हिशेब लवकर होईल' या बोलण्याला भुलू नका. राजीनामा दिला की कपातीची भरपाई हातची जाते.
• मजुरीपोटी गोदामातले कट्टे किंवा मोटार उचलून आणू नका. येणं तुमचं, पण गुन्हाही तुमच्याच नावावर.
• तोंडी वायद्यावर तारखा घालवू नका. दिवाळीनंतर, धान विकल्यावर, बँकेचं मिटल्यावर. यातली एकही तारीख कायद्याच्या कॅलेंडरात नाही.

आज रात्री जेवण झालं की एक वही घ्या. पहिल्या पानावर मालकाचं कागदावरचं नाव, दुसऱ्यावर कामाला लागल्याची आणि काम सुटल्याची तारीख, तिसऱ्यावर ओळीओळीने हिशेब. उद्या शेजारच्यालाही तेच करायला सांगा. चार-दोन दिवसांत गावातल्या सगळ्यांच्या वह्यांची एक यादी होईल, खाली बेरीज, बाजूला सह्या. मग फाटकावरच्या नोटिशीत नसलेला आकडा निदान तुमच्या हातात असेल, आणि कामगार कार्यालयात किंवा लिक्विडेटरपुढे टेबलावर ठेवायला तोच लागतो.